इंजिन जेटीवर चालतं, समुद्रात बंद पडतं: तपासायचं कुठे आणि पाहुण्यांना सांगायचं काय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर कळेल. अंजर्ल्याच्या खाडीत तुमची 23 फुटी फायबरची होडी, तिला 40 एचपीचं सेकंडहँड टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून चौघे जण पाच दिवस गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, आले. पहिले दोन दिवस वाऱ्यामुळे होडी काढलीच नाही. तिसऱ्या दिवशी खाडीत इंजिन झकास चाललं, बाहेर लाटेत गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी गचके देऊन बंद पडलं. पेट्रोलच्या होजवरचा (टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा) हाताने दाबायचा रबरी बल्ब दाबला की पाच मिनिटं चालायचं, पुन्हा बंद. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, पाण्याच्या पिंपात तासभर चालवून दाखवलं. चौथ्या दिवशी परत निघालात आणि येताना ऐन खाडीच्या तोंडावर तेच झालं. मागून येणाऱ्या मच्छीमार होडीने दोर टाकून ओढून आणलं. पाचवा दिवस बुडाला. आता पाहुणे सगळे पैसे परत मागतायत, मेकॅनिक म्हणतो इंजिन काढून टाका, आणि तुम्ही विचारताय की नवं घ्यावं का आणि पैसे द्यावेत का.

मी मालवणकडे बरीच वर्षं पाहुण्यांना गळाच्या मासेमारीला नेतो. तुमची होडी मी पाहिलेली नाही, टाकी डेकखाली बसवलेली आहे की सुटी, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि अंजर्ल्याचं तोंड तुमच्या गावातल्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, माझ्यापेक्षा जास्त माहीत. तेवढं सोडून बोलतो.

तुम्ही हवामान आणि इंजिन अशा दोन तक्रारी लिहिल्यात, नशीब फुटकं असल्यासारख्या. मला त्या एकच वाटतात. खाडीत पाणी संथ, टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी तळाशीच बसून राहतं. बाहेर होडी आपटायला लागली की ते सगळं ढवळून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी येतं. म्हणून इंजिन खराब हवेतच बंद पडतं, म्हणजे ज्या दिवशी ते बंद पडणं परवडत नाही नेमकं त्याच दिवशी. यात तिसरी गोष्ट आहे, जी तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीच नाहीत: दुरुस्तीची खात्री नसताना चौथ्या दिवशी सहा माणसं घेऊन बाहेर पडणं. तिच्याकडे नंतर येतो.

आधी इंजिन. बंद पडताना ते कसं बंद पडलं, हे मेकॅनिकला सांगायची पहिली गोष्ट. बटण दाबल्यासारखं एका क्षणात गप्प झालं तर वायरिंग बघायचं: किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी, बॅटरीचं सैल झालेलं टर्मिनल, फ्यूज. होडी आपटून टर्मिनल सैल होणं फार नेहमीचं आहे. शिट्टी वाजून वेग आपोआप उतरला तर इंजिन तापलंय किंवा तेलाचा प्रश्न आहे, आणि तेव्हा आधी इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची मागून पडणारी धार बघायची. पण खोकत, गचके देत, मध्येच थोडं सावरत मेलं तर त्याला पेट्रोल मिळत नाहीये. तुमचं वर्णन तिसऱ्या प्रकारचं आहे, आणि बल्ब दाबल्यावर ते उठतं यावरून तर शंकाच नको. प्लग बदलून यात काही होणार नव्हतं.

आता बल्ब. इंजिन गचके द्यायला लागलं की सुकाणूवरच्या माणसाने वेग सोडायचा नाही आणि दुसऱ्याने लगेच बल्ब हातात घ्यायचा. हे दहा सेकंद जे सांगतात ते वर्कशॉपमध्ये तासाभरात कळत नाही. बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय, नळीच्या तोंडाची जाळी गाळाने भरलीय किंवा होज मुडपलाय. बल्ब मऊ, पोकळ लागला आणि दाबला की भरतो, पण पुन्हा मऊ पडतो, तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा इंजिनवरचा पेट्रोल पंप थकलाय. कनेक्टरची रबरी रिंग, सैल क्लिप, बल्बमधलाच झिजलेला वाल्व्ह, हे नेहमीचे गुन्हेगार. आणि बल्ब टणक असूनही इंजिन मरत असेल तर पेट्रोल तिथवर पोचतंय आणि भानगड पुढे आहे: इंजिनवरचा फिल्टर, कार्बोरेटर किंवा पेट्रोलमध्येच पाणी.

बल्बवर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. सांगायला हसू येतं, पण घाईत उलटा बसवलेला बल्ब मी पाहिलेला आहे, तोही अनुभवी माणसाने बसवलेला. आणि दाबताना बल्ब बाण वर येईल असा उभा धरायचा, म्हणजे आतले वाल्व्ह नीट बसतात.

माझा संशय पेट्रोलवर आहे, आणि तो महिना बघून. जून-जुलै मासेमारी बंद, पुढे सप्टेंबरपर्यंत समुद्र धड नाही. या चार महिन्यांत अर्धी भरलेली टाकी होडीत पडून राहिली असणार. अर्ध्या टाकीत वर हवा, ती कोकणातल्या पावसाळ्याची, रात्री गार झाली की आतल्या बाजूने पाणी सुटतं. पूर्वी ते पाणी तळाशी वेगळं बसायचं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत सगळं एकजीव दिसतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि जड असल्यामुळे खाली बसतात, नेमके जिथून नळी ओढते तिथे. टू-स्ट्रोकवाल्यांनी इथे जास्तच सावध राहायला हवं. तुम्ही तेल पेट्रोलमध्येच मिसळून टाकत असाल तर ते तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात जवळपास नसतं. म्हणजे इंजिन तो थर ओढतं तेव्हा नुसतं बंद पडत नाही, पिस्टन कोरडा घासतो. बंद पडलेलं इंजिन पुन्हा पुन्हा बल्ब दाबून चालवत राहणं म्हणूनच महागात पडू शकतं.

तपासणी सोपी. होडी एक रात्र हलवू नका. सकाळी टाकीच्या अगदी तळातून, हातपंपाने किंवा नळीने, लिटरभर पेट्रोल काचेच्या पारदर्शक बरणीत काढा. तोंडाने ओढू नका आणि जवळ विडी-सिगरेटवाला ठेवू नका. बरणी अर्धा तास सावलीत ठेवा. खाली वेगळा थर, दुधट ढग किंवा गोट्यांसारखे गडगडणारे थेंब दिसले की निकाल लागला. मग ती टाकी पूर्ण रिकामी करायची. वरून नवं पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रूही उघडून बघा, पाणी तिथेही साठतं. साफ करून आठवडा झाला असला तरी बघा, कारण त्यानंतर तुम्ही तेच पेट्रोल त्यात परत ओढलंत.

होजचंही सांगतो. जुन्या होजना इथेनॉल मानवत नाही. बाहेरून धड दिसतो, पण आतला थर सुटून त्याची जीभ तयार होते. कमी वेगात पेट्रोल तिच्या बाजूने जातं, जास्त ओढ बसली की जीभ भोक बंद करते. सेकंडहँड इंजिनासोबत जुना होज आला असेल तर तो तपासत बसू नका, बल्बसकट बदला.

यावरूनच कळेल की पिंपातली चाचणी तुम्हाला का फसवते. पिंपात इंजिन भाराशिवाय, मंद फिरतं, तासाला लिटर-दोन लिटर पितं. बाहेर फुल थ्रॉटलला 40 एचपीचं टू-स्ट्रोक तासाला पंधरा-वीस लिटर मागतं. अर्धा बुजलेला फिल्टर लिटरभर आरामात देतो, वीस देत नाही. शिवाय पिंपाला लाट नसते. मेकॅनिकला दोष देत नाही, त्याला जेवढं दाखवलं तेवढं त्याने बघितलं.

खरी चाचणी अशी घ्या. बाजारात मिळणारी 20 लिटरची सुटी टाकी, नवा होज, नवा बल्ब, त्याच दिवशी आणलेलं पेट्रोल, तेलाचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात असेल तेच. शांत सकाळी, भरती चढत असताना, पाहुणे न घेता, खाडीच्या आतच मोकळ्या पट्ट्यात तीन-चतुर्थांश थ्रॉटलवर अर्धा तास. पाहुण्यांच्या वजनाइतकी पाण्याची कॅन भरून ठेवा, रिकामी होडी इंजिनाला भार देत नाही. असं चालवून इंजिन एकदाही खोकलं नाही तर दोष बहुतेक इंजिनात नाही, तुमच्या टाकीत किंवा होजात आहे. खोकलं तर इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि पुढचं सगळं बघायचं. लाखाच्या वर नवं इंजिन घेण्याआधी हा त्या मानाने कितीतरी स्वस्त प्रयोग करा, आणि टाकी-होज पुढे कामाला येतोच.

टाकी साफ झाली की टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, 10 मायक्रॉनचा, खाली पारदर्शक वाटी असलेला. रोज सकाळी त्या वाटीकडे बघायची सवय लावायची. दुसरा फिल्टर कायम होडीत. आणि मदतीला छोटं इंजिन ठेवणार असाल, ठेवाच, तर त्याची टाकी वेगळी. दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून पीत असतील तर दोन्ही एकदमच मरतात.

इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या धारेबद्दल थोडक्यात: खाडीच्या तोंडावरची रेती इम्पेलर, म्हणजे ते पाणी ओढणारा रबरी पंखा, खाते. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला तो बदलून टाका, विचार करायचा नाही.

आता चौथा दिवस. खाडीचं तोंड ही बाहेरच्या समुद्रापेक्षा जास्त वाईट जागा असते आणि ओहोटीत सगळ्यात वाईट. आतून पाणी बाहेर ओढतं, बाहेरून लाट आत येते, खाली रेतीचा दांडा. लाट उभी राहते आणि फुटते. त्यात दिवाळी म्हणजे अमावास्या, अमावास्या म्हणजे उधाण, आणि उधाणाच्या ओहोटीला ओढ जबर. पर्यटकांचं बुकिंग नेमकं त्याच आठवड्यात येतं, हा आपल्या धंद्याचा जुना विनोद आहे. भांगाच्या दिवसांत तेच तोंड इतकं शांत असतं की पाहुण्यांना वाटेल तुम्ही उगाच भीती घालत होता. म्हणून परतीची वेळ मासे लागतायत की नाही यावर ठरत नाही, भरतीवर ठरते. आणि तोंड ओलांडताना नांगर नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) मोकळा, दोर गुंडाळलेला, एक माणूस त्याच्याजवळ. इंजिन मेलं तर पहिल्यांदा नांगर टाकायचा, बल्ब नंतर. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडायचा, नाहीतर नांगर रेतीत धरत नाही, नुसता घसरतो. तुम्ही लिहिलंय की नांगर पुढच्या कप्प्यात लाइफ जॅकेटांच्या खाली होता. जॅकेटं कप्प्यात होती, हे वाचून मला नांगरापेक्षा जास्त काळजी वाटली.

हवामानाचं बघणं मोबाइलवरच्या एका अॅपवर सोडू नका. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज, दोन्ही आदल्या दिवशी संध्याकाळी वाचायचे. खात्याने इशारा दिला किंवा बंदरात तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला तर चर्चाच नाही. प्रश्न येतो तो इशारा नसलेल्या दिवसांचा. अंदाजातली लाटेची उंची म्हणजे सगळ्यात मोठी लाट नव्हे. उंच असलेल्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दीड मीटर लिहिलंय तिथे मधूनच तीन मीटरच्या आसपासची एखादी येणारच. उंचीइतकंच एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते बघा. मीटरभराचीच, पण बारा-चौदा सेकंदांनी येणारी लाट बाहेर खोल पाण्यात कळतसुद्धा नाही आणि दांड्यावर येऊन भिंतीसारखी उठते. अशी लाट लांबच्या वादळातून येते, तुमच्याकडे कडक ऊन असताना. 2019 च्या दिवाळीत क्यार वादळ किनाऱ्यावर आलंच नाही, पश्चिमेकडे निघून गेलं, तरी कोकण किनाऱ्याला लाटांनी झोडपलंच. आणि ते शमतंय तोवर अरबी समुद्रात महा नावाचं दुसरं वादळ उभं राहिलं.

माझ्या 24 फुटी होडीसाठी माझी रेघ सव्वा मीटर लाटेची आहे. त्यावर अंदाज असेल तर तोंडाबाहेर नाही. चांगल्या दिवशीही पहाटे मतलई वाऱ्यावर निघायचं आणि खारा वारा जोर धरायच्या आत, बाराच्या सुमाराला, आत यायचं. तुमची रेघ वेगळी असेल, होडीच्या काठाची उंची, माणसं, तोंडाची खोली यावर ती ठरते. महत्त्वाचं हे की ती हंगामाच्या सुरुवातीला, खिशात कोणाचा अॅडव्हान्स नसताना ठरवायची आणि घरात भिंतीवर लिहून ठेवायची. पाहुणे दोन दिवस बसून वैतागलेले असतात, जाळ्यातली मासळी बघून त्यांचे हात शिवशिवतात, आणि कोणीतरी म्हणतंच, आम्ही घाबरत नाही, तुम्ही चला. त्यांच्या धाडसाचा इथे काही संबंध नाही, कारण होडी त्यांना चालवायची नाहीये. तिसऱ्या दिवसानंतर इंजिनाचं कारण सापडलेलं नव्हतं. सापडलं नसेल तर दुरुस्त झालं असं धरायचंच नाही. प्लग नवे असले तरी.

वाऱ्याचा आठवडा म्हणजे सुट्टीच असं मात्र नाही, आणि इथे तुमचं खरं नुकसान झालंय. तुमच्याकडे खाडी आहे. बाहेर सुरमई-कोकर मिळत नाहीत त्या दिवशी आत जिताडा आणि तांबोशी आहेत. कांदळवनातून ओहोटीचं पाणी जिथे छोट्या नाल्यांनी खाडीत उतरतं, त्या तोंडांवर ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत होडी नांगरून किनाऱ्याकडे हळू गळ फेकायचा. लहान मासे आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर येतात, जिताडा तिथेच टपलेला असतो. चार तासांत एकच लागेल, कदाचित लागणारही नाही, पण पुण्याहून आलेला माणूस खोलीत बसून मोबाइल बघण्यापेक्षा हे शंभरदा पसंत करतो. मी खाडीचा दिवस कमी दरात देतो आणि हे बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवतो.

आता पैसे. फोनवर काय ठरलं होतं त्यावर अवलंबून आहे आणि तुम्ही लिहिलंय की काहीच ठरलं नव्हतं. मग माझ्या मते असं: तिसरा आणि चौथा दिवस पूर्ण परत, पेट्रोल आणि आमिषाचा खर्च तुमच्या अंगावर, कारण इंजिन तुमचं. पाचवाही परत, तो त्याच बिघाडामुळे गेला. पहिले दोन दिवस हवामानाचे. ते परत द्या किंवा पुढची तारीख द्या, काय हवं ते त्यांना निवडू द्या. राहण्या-जेवणाचे पैसे वेगळे असतील तर ते त्यांनी वापरलेत, ते परत द्यायचं कारण नाही. एकत्र पॅकेज लावलं असेल तर भांडत बसू नका, आकडा फोडून त्यांना लेखी पाठवा. ओढून आणणाऱ्या होडीवाल्याला डिझेलचे पैसे दिलेत का? नसतील तर आजच द्या.

पुढच्या बुकिंगला अॅडव्हान्स घेण्याआधी तीन वाक्यं मेसेजमध्ये जाऊ देत: बाहेर जायचं की नाही हे तुम्ही आदल्या संध्याकाळी सांगाल आणि तो निर्णय फक्त तुमचा. हवेमुळे रद्द झालं तर खाडी, दुसरी तारीख किंवा पैसे परत. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत जॅकेट अंगावर. ज्याला हे मान्य नाही तो बुकिंग करत नाही, आणि ते बरंच. शक्य असेल तर पाहुण्यांना पुण्यातून निघायच्या आधीच अंदाज कळवा. "या तर खरं, सकाळी बघू" असं म्हणून बोलावलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्यावर दबाव टाकणारच. प्रवासी नेण्याचा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आणि विमा आहे असं मी धरून चालतोय. नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ते. होडीत चालू व्हीएचएफ रेडिओ आणि त्यावरचं संकटात हाक देण्याचं चॅनल 16, शिवाय तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक होडीवरच्या प्रत्येकाला माहीत हवा.

इंजिन विकायचं का? आत्ता नाही. सुट्या टाकीची चाचणी आधी घ्या. त्यात चाललं तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून घ्या, कारण पाण्याच्या थरावर ते किती वेळ चाललं हे आपल्याला माहीत नाही. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिन धडधाकट आहे, हा हंगाम आणि कदाचित पुढचेही काढेल. एखादा सिलिंडर बराच खाली असेल तर नवं किंवा चांगलं वापरलेलं बघायला लागा. पण तेही या टाकीला आणि या होजला तसंच जोडू नका.